तिसरा ठोका

विमानाच्या चाकाचं पंक्चर मी काढलंय, यावर आमच्या गडहिंग्लजात आजवर एकाही माणसानं विश्वास ठेवलेला नाही. संकेश्वर रस्त्याला माझं दुकान होतं. तिथून एकदा ट्रेलरवर लादलेला एक गंजका सांगाडा चालला होता. त्याचं एक चाक बसलं होतं, ते मी फुगवून दिलं. आता त्या सांगाड्याला पूर्वी पंख होते, यात माझा काय दोष? तरी लोक म्हणतात, आण्णा थापा मारतो. मारतो की! थाप आणि हवा, दोन्ही मापात भरल्या तर गाडी पुढं जाते.

ही गोष्ट मात्र खरी आहे. हिला साक्षीदार आहेत, आणि त्यातला एक तर हवा भरलेला आहे. त्याला खोटं बोलता येत नाही. सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

माझी नात राजसी नगरपालिकेच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवते. ती स्वतः पोहायला शिकली माझ्या दुकानातल्या ट्रकच्या ट्यूबवर, हिरण्यकेशीच्या डोहात. चार वर्षांची पोरगी ट्यूबच्या मधोमध बसून अशी तरंगायची, की धुणं धुणाऱ्या बायका म्हणायच्या, आण्णा, ही बेडकी कुणाची धरून आणलीसा? लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली. सातव्या महिन्यात परत आली, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. माणसं चंद्रावर मुक्काम करून आली, पण हा रिवाज काही सुटला नाही.

आल्या आल्या तिनं बॉम्ब टाकला. "आण्णा, मला पाण्यात बाळंत व्हायचंय. इथं, घरातच."

"नदीत?"

"हौदात. फुगवायचा असतोय."

चुलीपाशी तिची आई, म्हणजे माझी सून वृषाली, भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "का गं? दवाखान्यातल्या खाटा मोडल्या काय सगळ्या?"

त्या सुमारास शिकलेल्या सुईणींना घरी बाळंतपण करायची मुभा मिळाली होती. ज्या बाईला कसलाच धोका नाही तिचंच, आणि तेही दवाखान्याची गाडी दारात उभी असेल तरच. आमच्या भागाला होती नसीमा मुल्लाणी. नर्सिंग शिकलेली, वर सुईणपणाची वेगळी पदवी. आवाज मऊ, पण शिस्त फौजदाराची. तिनं राजसीच्या तपासण्या केल्या, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंशी बोलली आणि म्हणाली, "होतंय. पण मी पाण्यातून बाहेर ये म्हटलं की बाहेर. गाडीत बस म्हटलं की गाडीत. का म्हणून विचारायचं न्हाई."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही आण्णा, मधी पडायचं न्हाई."

हौद निवडायला मात्र राजसी मलाच घेऊन गेली. हवेतला माणूस म्हणून. मातृकेंद्रात भाड्यानं द्यायचे हौद मांडले होते. पहिला गोल आणि सुटसुटीत, पण काठ गुडघ्याच्या जरा वर. "हा नको," नसीमा म्हणाली, "बसल्यावर पोट पाण्यात पुरं बुडाय पाहिजे. वजन पाण्यानं उचललं तरच कंबरेला आराम. उथळ पाण्यात नुसतं भिजणं होतंय." दुसरा ऐसपैस. त्यात आत बसायला गादी, चार बाजूंना धरायला पट्टे. पण तो भरला की पाण्यासकट पाऊण टनाला जाणार, आणि आमचा माडीवरचा स्लॅब माझ्याच वयाचा. तिसरा लंबगोल, काठ छातीपर्यंत, तळाला हवेची जाड गादी म्हणजे गुडघे टेकता येतात, आतून दर बाळंतपणाला नवं कोरं अस्तर. मी बूट काढून त्यात बसून बघितलं. पट्टे ओढले, काठावर रेललो, झडप नखानं तपासली, वास घेतला. ट्यूबचा नवा वास येतो तसा उग्र नव्हता. बाहेर दोन गरोदर पोरी रांगेत उभ्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कितवा महिना?"

"नववा," म्हटलं, "पण आमच्याकडं हत्तीसारखं चालतंय, अजून वर्षभर हाय."

तो तिसरा हौद ठरला. त्याच्यात एक वेगळेपण होतं, ते नसीमानं घरी येऊन समजावलं.

त्या हौदाला कान होते. म्हणजे त्याच्या कापडात एक बारीक तंतू विणलेला होता. तो दबला की केसाएवढी वीज निघते. आपल्या पोटावर डॉक्टर यंत्र टेकवतात तेव्हा आधी ते गार गार जेल चोपडतात ना? ते अशासाठी, की मधे हवा राहिली तर आवाज तिथंच अडकतो. पण पोट पाण्यात बुडालं की मधे हवाच नाही. माणसाचं शरीर बहुतेक पाणीच, आणि पाण्यातून आवाज हवेपेक्षा चौपट वेगानं जातो. बाळाचा ठोका पोटातून पाण्यात, पाण्यातून कापडात. आईचा ठोका वेगळा, बाळाचा दुपटीनं झपाट्याचा. प्रत्येक कळ आली की पाण्याचा दाब हलतो, तोही कळतो. अंगाला वायर नाही, पट्टा नाही. बाई पाण्यात कूस बदलू दे, ओणवी होऊ दे, हौद ऐकत असतो. बाळाचा ठोका बिघडला तर काठाभोवतीची दिव्याची पट्टी लाल होते. मग पाणी सोडायचं आणि गाडी गाठायची.

"आणि लाल नसंल तवा?" वृषालीनं विचारलं.

"तवा पिवळी किंवा निळी. आईचं अंग आवळलेलं असलं तर पिवळी. सैल पडलं की निळी." नसीमानं सांगितलं. "मांजर बघितलीसा न्हवं, कशी कोपरा हुडकती व्यायला? मनात धास्ती असली की शरीर कळा आवरून धरतंय. सुरक्षित वाटलं की सोडतंय. म्हणून या हौदात एक सोय हाय. सोबतीला एकाचा हात पाण्यात ठेवायचा. कुणाच्या हातानं ही जास्त सैल पडती, ते आधीच तालमीत कळतंय. त्या दिवशी तेच माणूस आत."

ती असं म्हणाली, आणि मला आमच्या घराच्या छपरावर काळे ढग दिसायला लागले. कारण तालीम ठरली होती डोहाळजेवणाच्या दिवशी, आणि डोहाळजेवणाला विहीणबाई येणार होत्या.

विहीणबाई म्हणजे राजसीच्या सासूबाई, रेवतीबाई. इचलकरंजीला यंत्रमागांच्या शेडमध्ये उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. त्या प्रेमानं कानात काही सांगायला लागल्या, तरी शेजारचं कुत्रं उठून जातं. बाई मायाळू. पण मान म्हणजे मान. इकडं वृषालीचं वेगळं. माझा पोरगा ट्रकवर होता, राजसी पाच वर्षांची असताना आंबोलीच्या घाटात गेला. तेव्हापासून वृषालीनं त्या पोरीचा हात सोडला नाही. शाळेत सोडायला हात धरून, कॉलेजला एसटीत बसवायला हात धरून. लग्नात पाठवणीच्या वेळी गाडीचं दार लागेना. का, तर आईचा हात अजून आत.

माडीची जोखीम नको म्हणून हौद खालच्या सोप्यात, म्हणजे पडवीला लागूनच्या खोलीत मांडला, शहाबादी फरशीवर. मी दुकानातला जुना कॉम्प्रेसर आणायला निघालो, तर नसीमानं हात आडवा घातला. "आण्णा, तुमच्या कॉम्प्रेसरनं ट्रक उचलतोय. ह्यो हौद हाय." तिनं आपला छोटा विजेचा पंप लावला. आधी तळाची गादी, मग खालचं कडं, मग वरचं. एका दमात गच्च भरायचं नाही, कारण गरम पाणी पडलं की आतली हवा फुगते. हे तर मलाही माहीत होतं. पाण्याला नळी नवी, पिण्याच्या पाण्याची. राजसीचा नवरा शंतनू बंबापाशी उभा राहून तापमान बघत होता. अंगाच्या उबेएवढं पाणी झालं, तशी राजसी आत उतरली आणि "अगं आई गं" म्हणून असं सुस्कारली, की मलाच बरं वाटलं.

पहिला मान जावयाचा. शंतनूनं पाण्यात हात घातला आणि नसीमाच्या हातातल्या काचेच्या पाटीवर त्याचाच ठोका धावायला लागला. पट्टी भडक पिवळी. नसीमा म्हणाली, "दाजी, तुम्ही बंब सांभाळा."

मग रेवतीबाई. त्यांनी हाताला ब्राह्मीचं तेल चोळलं होतं, वास दारापर्यंत. हात पाण्यात घातला आणि सुनेच्या कानाशी म्हणाल्या, "घाबरू नकोस हं, बाळ!" पाण्यावर लाटा उठल्या. पट्टी पिवळी.

मी घातला. राजसीला माझं विमान आठवलं आणि ती हसत सुटली. पोट हललं, पट्टी नाचली. मी बाद.

शेवटी वृषाली. तिनं आधी हात गरम पाण्यात धरून ऊब आणली होती, हे मी बघितलं होतं. पट्टी पिवळीची जरा फिकी झाली. निळी नव्हे. पण बाकीच्यांपेक्षा बरी.

"झालं की मग," मी घाईनं म्हटलं, "आई ती आई."

रेवतीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

पानं वाढली होती. सगळे आत जेवायला गेले. राजसी म्हणाली, मी जरा बसते पाण्यात. मी पानावर बसलो आणि आठवलं, चष्मा सोप्यातच राहिला. परत आलो तर खोलीत ती एकटी. डोळे मिटलेले, कान पाण्याखाली, केस पसरलेले. आणि हौदाच्या काठाभोवती असा गर्द निळा उजेड, की भिंतीसुद्धा निळ्या झालेल्या. कुणाचाच हात पाण्यात नव्हता.

तिनं डोळे उघडले. मी पट्टीकडं बघतोय हे तिनं बघितलं.

"आण्णा," ती हळूच म्हणाली, "आईला सांगू नका."

"मला काय दिसतंय? चष्मा न्हाई डोळ्यावर."

"तिनं कवा हात सोडला न्हाई माझा. आत्ताच कसं सांगू, सोड म्हणून?"

नसीमालाही कळलं होतंच, तिच्या यंत्रात सगळं उमटतं. ती राजसीला म्हणाली, "तुझी गोष्ट हाय, मी कुणाला सांगणार न्हाई. पण त्या दिवशी हौद काय म्हणतोय त्यावरच मी चालणार, एवढं ध्येनात ठेव."

दिवस भरले, आणि एके दिवशी उजाडता उजाडता कळा सुरू झाल्या. रेवतीबाई मुक्कामालाच होत्या. गाडी दारात येऊन उभी राहिली. सोप्याच्या दारावर पडदा लावला, आणि पडद्याबाहेर, पडवीच्या बाजूला, मी स्टूल टाकून बसलो. हवेचा माणूस म्हणून. मला आतलं दिसत नव्हतं, पण पट्टीचा रंग पडद्यावर पडत होता.

सुरुवात झोकात झाली. कळा जवळ जवळ येत होत्या. नसीमानं तिला पाण्यात उतरवलं. मग वृषाली आत गेली, हात पाण्यात घालून बसली. मागोमाग रेवतीबाई गेल्या, कारण त्यांना बाहेर थांबा म्हणायची कुणाची छाती होती?

"श्वास घे बाळ! दीर्घ! असा! माझ्याकडं बघ!"

"विहीणबाई, जरा हळू."

"मी हळूच बोलायलीय!"

पडदा पिवळा झाला, आणि पिवळाच राहिला. ऊन पडवीत आलं, स्टुलापर्यंत पोचलं. आतला कण्हण्याचा आवाज आधी वाढला होता, तो आता विरळ झाला. ही चांगली खूण नसते, एवढं मलाही कळत होतं.

नसीमा बाहेर आली. "आण्णा, कळा लांबायल्यात. बाळाचा ठोका छान हाय, धोका न्हाई. पण हिचं अंग धरून बसलंय. हिला विचारलं, सांगू का त्यांना? नुसती मान हलवती, न्हाई म्हणून. आणखी थोडा वेळ बघते. न्हाईतर पाणी सोडून गाडीत."

"दवाखान्यात होईल न्हवं नीट?"

"होईल की. दवाखाना काय वाघ न्हवं. पण तिचं मन इथं हाय. आणि इथं होण्यासारखं हाय, एवढंच."

ती आत गेली. मी बसून राहिलो. आत एक पोरगी आपलं बाळंतपण अडवून बसली होती. कशासाठी, तर आईचं मन मोडू नये. मी कधी कुणाला कसलं ज्ञान दिलेलं नाही. मला एकच गोष्ट येते.

मी उठलो, पडद्याबाहेरून कान टवकारले आणि ओरडलो, "वृषाली! हवा उतरायलीया! हौद पंक्चर हाय!"

आतून रेवतीबाई, "आत्ता गं बया!"

नसीमा पडद्यातून डोकावली. तिनं वरच्या कड्यावर बोटं दाबून बघितली असणार. कडं कलिंगडासारखं टणक होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं.

"आण्णा," ती म्हणाली, "काय करायचं ते लवकर करा."

"दोन दमदार बायका पाहिजेत. पायपंपावर. एकसारखी हवा मारत राहिलं तरच हौद उभा राहतोय, न्हाईतर पाणी फरशीवर."

"विजेचा पंप हाय की!" रेवतीबाई बाहेर आल्या, पदर खोचत.

"त्याची घरघर हौदाला ऐकू जाती. मग बाळाचा ठोका कसा कळायचा? पायपंप मुका असतोय."

हे मी इतक्या झोकात सांगितलं, की माझंच मला पटलं. मागच्या बोळात मी ट्रकची जुनी ट्यूब टाकून ठेवली होती. मुद्दाम पंक्चर असलेली निवडली. धड असती तर भरून फुटली असती. लोखंडी पायपंप पडवीच्या फरशीवर ठेवला, नळी लांबवली आणि खिडकीखालून वळवून बोळात नेली. बंबापाशी शंतनू ट्यूबकडं बघत होता. त्याला म्हटलं, "दाजी, तुम्ही काय बघितलं न्हाई." तो म्हणाला, "आण्णा, मला सकाळपास्नं काहीच दिसेना झालंय."

वृषाली सगळ्यात शेवटी बाहेर आली. तिच्या हातावरून पाणी ठिबकत होतं. कोपरापर्यंत सुरकुतलेला हात. ती पंपाकडं बघत उभी राहिली, नळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. चप्पल काढली आणि पंपावर पाय ठेवला.

धप्प.

लोखंडी पंपाची तीच खोड. पाय दाबला की खालचा पाया फरशीवर आपटतो.

धप्प. धप्प.

"विहीणबाई, तुम्ही दमलासा, द्या इकडं," रेवतीबाई म्हणाल्या.

"अजून न्हाई दमले."

"तुमच्या मारण्यात दम न्हाई. आम्ही पाळीच्या पाळी उभ्यानं माग चालवलेत."

"चालवा मग."

रेवतीबाई मारायला लागल्या की धप-धप-धप-धप, जणू सूत तुटायला आलंय. वृषालीची पाळी आली की धप्प... धप्प... असं संथ. मधे मधे दोघी घाम पुसत भांडत होत्या. आळिवाची खीर की डिंकाचे लाडू, बाळाला टाळू भरायला कुठलं तेल. मी पडद्याकडं बघत होतो.

पडदा पिवळा होता. मग फिका झाला. मग, देवाशप्पथ सांगतो, सोप्यात कुणी आभाळ सोडल्यासारखा तो निळा होत गेला.

आतून राजसीचा आवाज आला. आता कण्हणं नव्हतं ते, ओझं उचलताना माणूस हुंकारतो तसा खोल आवाज. नसीमाचा मऊ आवाज मधे एखादाच. "हं. तुझं तू कर. मी हाय."

पडवीत धप्प. आत हुंकार. पडवीत धप्प.

किती वेळ गेला ते मी सांगत नाही. सांगितला तर तुम्ही म्हणाल, आण्णा वाढवून सांगतोय. ऊन स्टूल सोडून भिंतीवर चढलं होतं, तेव्हा आत पाण्याचा मोठा डुबुक आवाज झाला, आणि मग एक क्षण काहीच नाही. त्या क्षणात मी आयुष्यातल्या सगळ्या थापा परत घेतल्या, एकेक करून, विमानासकट.

मग रडणं. बारीक, तिखट, रागावलेलं.

रेवतीबाई पंप सोडून पळाल्या. पडदा बाजूला झाला तेव्हा मला एवढंच दिसलं, की राजसी पाण्यात अर्धी बसलेली आणि छातीशी काहीतरी लाल, ओलं, मुठी आवळलेलं. मुलगी. शंतनू बंबापाशी बसून हमसून रडत होता, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. आणि पडवीत वृषालीनं पंप आणखी एकदा, शेवटचा, सावकाश दाबला. पाय काढला. मग आत गेली.

"आई," राजसीनं हात पुढं केला. तिनंच केला.

संध्याकाळी सगळं निस्तरलं होतं. पाणी उपसलं, अस्तर गुंडाळून टाकलं, गाडी परत गेली. नसीमा पाटीवर दिवसभराच्या रेघा बघत होती आणि कपाळाला आठ्या.

"ही एक रेघ आईच्या ठोक्याची," ती म्हणाली. "ही बाळाची. पण ह्यो तिसरा ठोका कुणाचा? दोघी बाहेर गेल्या, तितनं पुढं हाय. कवा संथ, कवा घाईचा. एवढा जड ठोका माणसाचा नसतोय. हौद बिघडला काय?"

मी छताकडं बघायला लागलो. फरशी एकच, पडवीपासून सोप्यापर्यंत. पंप फरशीवर आपटतो, फरशी हौदाला सांगते, हौद पाण्याला. मुका पायपंप म्हणे! हौद सगळं ऐकत होता.

"मला ऐकू येत होता," खाटेवरून राजसी म्हणाली. बाळ तिच्या कुशीत होतं. "कान पाण्यात बुडवले की धप्प... धप्प. घाईचा आला की वाटायचं, ह्या सासूबाई. मग संथ लागायचा. आई बाहेर हाय, दारातच हाय, जायची न्हाई कुठं. मग मी सैल सोडायची."

नसीमानं रेघा पुन्हा बघितल्या. जिथं जिथं संथ ठोका होता, तिथं तिथं निळं गडद होतं. तिनं पाटी मिटली. "हौद चांगला हाय म्हणायचा," म्हणाली, आणि माझ्याकडं बघून पहिल्यांदाच हसली.

स्वयंपाकघरात वृषाली आळीव भिजत घालत होती. मी पाणी प्यायचं निमित्त काढून गेलो.

"मामा," ती म्हणाली. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. "बोळातली ट्यूब चिकटवायला झालीया. दोन ठिकाणी फुसफुसत होती."

मी पेला खाली ठेवला. "तुला कवा कळलं?"

"पंक्चरवाल्याच्या घरात उमर गेली माझी. हवा कुठनं सुटायलीया ते कळत न्हाई व्हय मला?"

"मग मारत का राहिलीस?"

तिनं आळिवात पाणी ओतलं, जरा जास्तच ओतलं. "डोहाळजेवणादिवशी मी तूप वाढायला उठले हुते. खिडकीच्या काचंवर निळा उजेड बघितला. तवाच कळलं. वाटलं, त्या दिवशी तरी लागंल माझा हात. सकाळी आत बसले, पोर पिवळीच्या पिवळी. मला कळत होतं सगळं. पण हात निघंना मामा. तुम्ही पंप दिलासा, म्हणून निघाला."

मला खरं बोलायची सवय नाही, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. एवढंच म्हणालो, "तुझं देणं हाय माझ्यावर. पाय धराय पाहिजेत तुझे."

"मामा, मी तुमचे पाय धरायचे, का तुम्ही माझे? जावा, रेवतीताईंना चहा न्या. पाय सुजलेत त्यांचे."

रेवतीबाईंना आम्ही कुणी काही सांगितलं नाही. पाचवीला पाटा मांडला, कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिणार म्हणून. वृषालीनं पाट्याशेजारी लोखंडी पायपंप आणून ठेवला आणि त्याला हळदकुंकू लावलं.

"ह्याला का?" रेवतीबाईंनी गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात हळूच विचारलं.

"का म्हणजे? तुम्ही पाय मारला म्हणून हौद उभा राहिला न्हवं ताई?"

रेवतीबाईंचे डोळे भरले. आजही इचलकरंजीत त्या सांगतात, गडहिंग्लजात हौद फुटला होता आणि मी एकटीनं धरून ठेवला. वृषाली शेजारी असली तर मान डोलावते. माझ्या विमानावर कुणी विश्वास ठेवत नाही, पण त्यांचा हौद सगळ्यांनी मानलाय. उभ्या जन्मात एक थाप मला नीट साधली, आणि तीही जिच्यासाठी मारली त्या वृषालीनं मानली नाही, नुसती पाळली.

आता शेवटचं. ते तुम्ही मानणार नाही, पण येऊन बघा.

बारशानंतर पोरगी रडायला लागली की ऐकायची नाही. राजसीनं गाणी म्हटली, शंतनूनं फेऱ्या मारल्या, रेवतीबाईंनी अंगाई गायली तेव्हा तर शेजारचीही पोरं उठली. एका दुपारी मी पडवीत पंप पुसत होतो. उगाच पाय दाबला. धप्प. आतलं रडणं थांबलं. पाय थांबवला, सुरू झालं. पुन्हा दाबला, संथ. धप्प... धप्प. राजसी दारात येऊन म्हणाली, "आण्णा, डोळे मिटायलीया! थांबू नका!"

माझं वय झालंय. गुडघा बोलतो. थोड्या वेळानं वृषाली हात पुसत बाहेर येते, "सरका मामा" म्हणते, आणि चप्पल काढून पंपावर पाय ठेवते. नळी आता आम्ही कशालाच जोडत नाही.